आत्याबाईची धडधड

ही गोष्ट अजून घडायची आहे. पण घडेपर्यंत वाट बघत बसलं तर सांगणारा उरेल याचा भरवसा नाही, म्हणून आगाऊच सांगून टाकलेली बरी. पुढंमागं घडली नाही, तर चूक गोष्टीची नसेल, काळाची असेल.

परतवाड्याच्या गुल्हाने बँड पथकाच्या घरात ऋजुता जन्मली. त्या घरात कुजबूज हा प्रकारच नव्हता. बाप बाबाराव क्लॅरिनेटवाला, भाऊ प्रफुल ढोलवाला, आणि आईचा आवाज असा की लग्नसराईत माइक बंद पडला तर वऱ्हाडी तिलाच पुढं करत. या गोंगाटात एका पोरीला पाखरांचं वेड लागावं, आणि तेही प्राण्यांच्या वर्तनात डॉक्टरेट करण्याइतकं, हे बाबारावांना शेवटपर्यंत उमगलं नाही.

"पाखराइचं वागणं पाहून डॉक्टर होते म्हणते," ते गिऱ्हाइकांना सांगत. "सुई टोचता येत नाई, तरी डॉक्टर."

ऋजुतानं एका मोठ्या संस्थेला फोन लावला. तिकडून एका बाईंनी विचारलं, "क्षेत्रकामाचा अनुभव आहे का?"

"तोच घ्यायला तर यायचंय."

"तसं नाही. अनुभव असल्याशिवाय प्रवेश नाही."

"आणि प्रवेश नसला तर अनुभव कोण देतं?"

"अनुभवी माणसांना कोणीही देतं," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

ऋजुता दिसेल त्या शास्त्रज्ञाला पत्र लिहीत सुटली. बिनपगारी ठेवा, भांडी घासते, पक्षी मोजते, काहीही करते. बहुतेकांनी उत्तर दिलं नाही. मेळघाटच्या पायथ्याशी सातभाईंवर संशोधन करणाऱ्या डॉ. पाचपोरांनी मात्र दोन ओळी पाठवल्या: "ये. जेवण मिळेल, शंकांची उत्तरं मिळणार नाहीत."

*

सातभाई म्हणजे मातकट रंगाचे, मैनेएवढे, सदा कलकलणारे पक्षी. म्हणायला सात, पण टोळीत कधी सहा असतात कधी अकरा, आणि त्यांतही निम्म्या बहिणी. डोळे पांढरट, त्यामुळे सगळेच्या सगळे कायम चिडलेले दिसतात. एकाच ताटातले किडे खातात, एकमेकांची पिल्लं भरवतात, एकमेकांची पिसं विंचरतात आणि दिवसभर भांडतात. ऋजुताला ते पाहताक्षणी घरच्यासारखे वाटले.

पाचपोर सर हा उंच, वाकलेला, हळू बोलणारा माणूस. पहिल्याच दिवशी त्यांनी तिच्या तळहातावर तुरीच्या डाळीएवढा एक ठिपका ठेवला.

"हा पक्ष्याच्या पाठीवर, पिसांखाली चिकटवायचा. याला त्याच्या काळजाचे ठोके ऐकू येतात. ससाणा आला, ठोके वाढले. भांडण झालं, वाढले. अळी सापडली, वाढले. संगणक महिनोन् महिने हे सगळं ऐकतो, आणि ज्या वाढीचं कारण सापडतं ती वजा करत जातो. सगळं वजा करून जे उरतं ते कशामुळे?"

"कशामुळे?"

"तुझ्यामुळे. तू तिथं उभी आहेस म्हणून. त्या उरलेल्या आकड्याला म्हणायचं दखल. शून्यापासून शंभरापर्यंत."

हे यंत्र निघालं आणि जगभरच्या प्राणीशास्त्राची झोप उडाली. कारण जुनी निरीक्षणं तपासली तेव्हा कळलं, की शंभर वर्षं शास्त्रज्ञ प्राण्यांचं वागणं लिहीत नव्हते. खाकी टोपी घातलेला एक इसम रोखून बघत असताना प्राणी कसे वागतात, तेवढंच लिहीत होते. मग नियम झाला. ज्याला डॉक्टरेट करायची त्यानं आधी वर्षभर रानात राहावं, आणि त्याची सरासरी दखल पाचाच्या आत असावी. शून्य असली तर उत्तमच. पाखरासमोर उभं राहायचं आणि पाखराच्या लेखी नसायचं.

"आणखी एक," सर म्हणाले. "इथं प्रत्येकाची एक हाळी असते. अचानक समोर गेलं की पक्षी दचकतात. म्हणून लांबूनच रोज तोच आवाज करायचा. त्यांना कळतं, तो निरुपद्रवी प्राणी आला. माझी ही." त्यांनी जीभ टाळूला लावून दोनदा टक् टक् केलं. "आवाज असा हवा की ज्याला काही अर्थ नाही. मनात येईल तो पहिला कर."

आता बँडवाल्याच्या पोरीच्या मनात पहिला आवाज कोणता येणार? नवरदेव घोड्यावरून उतरताना बाबाराव क्लॅरिनेटवर दोन ओळी वाजवत. ती सुरावट निघाली की अख्ख्या मांडवाची मान दाराकडे वळायची. ऋजुतानं नकळत तीच शिट्टीवर वाजवली.

सरांनी कपाळाला आठी घातली. पण हाळी एकदा दिली की बदलता येत नाही, असा तिथला रिवाज होता.

*

शून्य होणं सोपं नसतं. ऋजुतानं साबण सोडला. धुळीच्या रंगाचे कपडे शिवून घेतले. पक्ष्याकडे सरळ न बघता डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायला शिकली. चालायला ती गाईकडून शिकली: कुठंही जायचं नाही, पण चालत राहायचं. श्वास इतका हळू झाला की मनगटावरची नाडीपट्टीही गप्प झाली. त्या काळात विमा कंपन्यांच्या कृपेनं प्रत्येकाच्या मनगटावर अशी पट्टी असे. नाडी वाढली की ती लाडिक आवाजात म्हणे, "शांत व्हा, खोल श्वास घ्या." ऋजुताची पट्टी पावसाळ्यानंतर एकदाही बोलली नाही.

दखल उतरत गेली. सत्तर, चाळीस, बारा. दिवाळीच्या सुमारास टोळीतल्या पक्ष्यांचे आकडे एकेक करून शून्याला टेकले. एक पिल्लू तिच्या बुटावर चढून लेसची टोकं कुरतडायचं. एका कोळ्यानं तिच्या कानापासून बाभळीपर्यंत जाळं विणलं आणि त्यात दोन माश्या धरल्या. ती हलली तेव्हा कोळ्याला फार वाईट वाटलं असावं.

आणि मग घोटाळा सुरू झाला. सायफळच्या फाट्यावर ती चहाला बसली, तर चहावाल्यानं तिच्यावरून हात नेऊन पलीकडच्याला ग्लास दिला. एसटीत कंडक्टर तिकिटं फाडत आला आणि पुढं गेला. सरकत्या दाराच्या दुकानासमोर ती उभी राहिली, दार सरकेना. शेवटी एक बकरी आली, दार उघडलं, बकरीच्या मागोमाग ऋजुता आत शिरली.

तिनं सरांना विचारलं, "सर, हे पक्ष्यांपुरतंच असतं ना?"

सर वर्तमानपत्र वाचत होते. पान उलटून ते इकडंतिकडं बघत म्हणाले, "कोण बोललं?"

*

एक पक्षी मात्र ऐकायला तयार नव्हता.

टोळीतल्या या म्हातारीचं नाव ऋजुतानंच ठेवलं होतं: आत्याबाई. तिचं शेपटीचं एक पीस कायमचं वाकलेलं. बाकीचे किडे उकरत असताना ती खुंटावर बसून पहारा करायची. ऋजुताची शिट्टी ऐकू आली की आत्याबाईचे ठोके उसळायचे. दखल चोपन्न. तिच्याकडे बघून मात्र काही कळायचं नाही. उडायची नाही, ओरडायची नाही, जवळ यायची नाही. नुसती मान वाकडी करून पांढरट डोळ्यानं बघत बसायची. आत धडधड, बाहेर दगड.

वर्ष भरत आलं. आठ पक्षी शून्य, आत्याबाई चोपन्न, नऊंनी भागलं की सरासरी सहा. मर्यादा पाचाची.

"तिला काढून टाक," पाचपोर सर म्हणाले. "अपवाद वगळायची सोय यंत्रातच आहे. आजारी पक्षी म्हण, म्हातारी म्हण. बटण दाबलं की तू शून्य. असा आकडा देशात कोणाचा नसेल."

"पण ती आजारी नाहीये, सर."

"तुला घाबरते ना?"

"घाबरते का, हेच तर कळत नाही. घाबरली तर उडत का नाही? आणि आवडत असेन तर जवळ का येत नाही?"

"यंत्र म्हणतं, घाबरते."

"यंत्राला फक्त ठोके ऐकू येतात. ढोल ऐकू आला म्हणून वरात आहे की विसर्जन, ते कसं कळणार?"

सरांनी सुस्कारा टाकला. "माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलंय, सर्व वाढ भीती समजावी. ऋजुता, सगळे काढतात. मी माझ्या वेळी तीन काढले होते. परीक्षक आकडा बघतात, आत्याबाई बघायला येत नाहीत. पुढच्या सोमवारपर्यंत पाठवायचंय. घरी जाऊन ये, डोकं थंड कर."

*

दुपारची ती परतवाड्याला पोचली. दार उघडंच होतं. आत जाऊन ती पाटावर बसली. समोर आई डाळभाजीला फोडणी देत होती, बाबाराव क्लॅरिनेटची पत्ती घासत होते, प्रफुल ढोलाच्या दोऱ्या ताणत होता. कोणी वर बघितलं नाही. आईनं ताटं वाढली. तीन.

ऋजुताला आधी गंमत वाटली. मग वाटली नाही. ती तोंड उघडणार, तेवढ्यात आई म्हणाली, "ऋजूले फोन करून पाहा ना. कवा येते ते विचारा."

"तूच कर," बाबाराव म्हणाले.

"मीच कायले? तुमची पोरगी नाई का?"

बाबारावांनी पत्ती खाली ठेवली. "तिचा फोन आला का मायी छाती धडधडते व. उचलाव का नाई, समजत नाई."

"भेव वाटते?"

"भेव नाई म्हणता येत. आता काय नवीन सांगन, अजून किती दूर जातो म्हणन, ते एक. आन् आवाज आयकला का बरंबी वाटते. दोनी एकाच वक्ताले."

बाबारावांच्या मनगटावरची पट्टी लाडिक आवाजात म्हणाली, "शांत व्हा, खोल श्वास घ्या."

"पाय," बाबाराव म्हणाले. "नुसतं नाव घेतलं, तं चालू झाली."

प्रफुल हसला. "बाबा, डॉक्टरले दाखवा. आपल्या घरची नका दाखवू, सुईवाली दाखवा."

ऋजुता हळूच उठली. ज्या पावली आली त्या पावली फाटकाबाहेर गेली. तिथं थोडा वेळ उभी राहिली. मग तिनं दोन बोटं तोंडात घालून ती नवरदेवाची सुरावट वाजवली. बाबाराव एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी, असे धावत बाहेर आले.

"कवा आली, माय?"

"आत्ताच," ती म्हणाली.

आईनं चौथं ताट घेतलं. बाबाराव जेवताना तिच्याशी एक अक्षर बोलले नाहीत. त्यांची पट्टी मात्र वरण संपेपर्यंत तीनदा बोलली.

सोमवारी ऋजुतानं अर्ज पाठवला. आत्याबाईसकट. सरासरी सहा.

पाचपोर सरांनी आकडा पाहिला, तिच्या दिशेनं पाहिलं, जरा डावीकडे चुकून पाहिलं, आणि म्हणाले, "वर्ष फुकट घालवलंस."

तिलाही तसंच वाटत होतं. आणि तसं वाटतही नव्हतं.

*

तरी मुलाखतीचं बोलावणं आलं. बोलावणं यंत्रानं पाठवलं होतं, आणि यंत्राला बोलावण्याआधी आकडा बघायला कोणी सांगितलं नव्हतं.

संस्थेचं दार सरकतं होतं, त्यामुळे ऋजुताला चहावाल्याच्या मागून आत शिरावं लागलं. लांब टेबलामागं पाच प्राध्यापक. समोर एक रिकामी खुर्ची. ती नमस्कार करून बसली. म्हणजे खुर्ची आता रिकामी नव्हती, पण हे तिलाच ठाऊक होतं.

"गुल्हाने आल्या नाहीत वाटतं," मधल्या बाई म्हणाल्या. या प्राध्यापक देऊस्कर, मंडळाच्या प्रमुख.

"मी आलेय," ऋजुता म्हणाली. पण वर्षभर न बोलण्याची सवय लागलेला तो आवाज. चहाच्या कपांच्या किणकिणीत बुडून गेला.

"थांबू या थोडं," कोणीतरी म्हणालं.

ते थांबले, आणि ऋजुताला काय करावं ते सुचेना, म्हणून तिनं जे वर्षभर केलं तेच केलं. डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत बसली. देऊस्कर बाई सगळ्यांत उंच खुर्चीवर, खिडकीशी, नजर दारावर: पहारेकरी. उजवीकडचे दोघे एकमेकांची पिसं विंचरत होते. "तुमचा लेख वाचला, अप्रतिम." "छे, तुमच्यापुढं काय." टोकाचे टकले गृहस्थ इतरांचं लक्ष नाही बघून बिस्किटं ओढून घेत होते. सगळ्यांत तरुण प्राध्यापिका काही बोलली की चौघांच्या माना एकदम तिच्याकडे वळायच्या आणि एकदम परत फिरायच्या. टोळीत न बसणारा नववा पक्षी कसा ओळखायचा हे ऋजुताला पाठ होतं.

"तसंही सहा आहे हो," टकले गृहस्थ बिस्किट गिळून म्हणाले. "एक पक्षी वगळला असता तर शून्य होती. बटण दाबायचं कळलं नाही तिला."

"किंवा दाबलं नाही," तरुण प्राध्यापिका म्हणाली. माना वळल्या, परत फिरल्या.

"नियम तो नियम. गैरहजर लिहा आणि पुढचा उमेदवार बोलवा," देऊस्कर बाई म्हणाल्या.

ऋजुता उठून उभी राहिली. टेबलावर हात आपटला. पण वर्षभर अलगद टेकायला शिकलेला तो हात, आपटला तोही हळूच. तिला रडू येत होतं आणि हसूही. एवढी मेहनत करून जे मिळवलं तेच आता आडवं आलं होतं. मग तिनं दोन बोटं तोंडात घातली.

शिट्टी त्या बंद खोलीत अशी घुमली, की टकल्या गृहस्थांचा कप बशीबाहेर गेला. पाची माना दाराकडे वळल्या, दारात नवरदेव नव्हता, मग हळूहळू खुर्चीकडे आल्या. पाची मनगटांवरून एकाच वेळी पाच लाडिक आवाज आले: "शांत व्हा, खोल श्वास घ्या."

"तुम्ही कधी आलात?" देऊस्कर बाईंनी विचारलं.

"बऱ्याच वेळची इथंच आहे, मॅडम. एक विचारू का? पाचही पट्ट्या वाजल्या. माझ्या यंत्राच्या हिशोबानं तुम्ही सगळे मला घाबरलात. खरंच घाबरलात का?"



"मी दचकलो," विंचरणाऱ्यांपैकी एक म्हणाला. "घाबरलो असं नाही म्हणणार."

"मला हसू आलं," तरुण प्राध्यापिका म्हणाली.

"मला माझं लग्न आठवलं," टकले गृहस्थ म्हणाले.

"म्हणजे घाबरलातच," दुसरा विंचरणारा म्हणाला.

"तसंच काही नाही. आमचं चांगलं चाललंय."

मग त्यांचं जुंपलं. सातभाईंचं जुंपतं तसंच, सगळे एकदम, कोणीच ऐकत नाही असं. आठवण ही भीती की आनंद, दचकणं कशात मोजायचं, हसू येण्याआधी क्षणभर काय झालं होतं. देऊस्कर बाईंनी बराच वेळ स्वतःच्या मनगटाकडे बघितलं.

"नियम पाचाचा आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "तुम्ही सहा. पण त्या सहाचा अर्थ काय, हे इथं पाच विद्वानांना स्वतःच्या छातीबद्दलही सांगता येत नाहीये. अर्थच ठाऊक नाही तर सहा जास्त की कमी, ते मी कसं ठरवू? ते तुम्हीच शोधून सांगा. तीन-चार वर्षं घ्या."

"म्हणजे प्रवेश मिळाला का, मॅडम?"

"मला तरी तसंच वाटतंय," देऊस्कर बाई म्हणाल्या, आणि तरुण प्राध्यापिकेकडे वळून विचारलं, "नाही का?"

*

ऋजुता तशीच परतली. फाट्यावर उतरली, बाभळीच्या रानात शिरली. विषय ठरला होता: आत्याबाईची धडधड. भीती की आणखी काही. ठिपक्याचे आकडे हातातल्या पडद्यावर उमटत होते. लांबूनच तिनं शिट्टी वाजवली, दोन ओळी, नवरदेवाच्या.

आत्याबाई खुंटावर होती. वाकडं पीस तसंच. तिनं मान वाकडी केली, ऋजुताकडे पाहिलं, मग ऋजुताच्या पलीकडच्या वारुळाकडे पाहिलं. खुंटावरून उतरली आणि चार वाळव्या टिपल्या.

पडद्यावर आकडा आला. शून्य.

ऋजुतानं पुन्हा शिट्टी वाजवली. शून्य. ठिपका निघाला असेल म्हणून तिनं यंत्र तपासलं. ठिपका जागेवर होता, काळीज नीट चाललं होतं, संथ, पोटभर वाळवी खाल्लेल्या म्हातारीचं चालतं तसं. का, कधीपासून, ते सांगायला कोणी नव्हतं. एवढं वर्ष एकटी जिनं तिची दखल घेतली, तिनंही आता ती सोडून दिली होती. की आता दखल घ्यायची गरज उरली नव्हती? आत्याबाई किडे टिपत टिपत तिच्या पायाशी आली, बुटावरून चालत गेली, आणि पलीकडे उकरायला लागली.

रानात सगळीकडे शांत होतं. तेवढ्यात पावसाळ्यापासून गप्प असलेली ऋजुताची नाडीपट्टी घसा खाकरल्यासारखी करकरली आणि लाडिक आवाजात म्हणाली, "शांत व्हा, खोल श्वास घ्या."

आठही सातभाई एकदम कलकलाट करत उडाले. आत्याबाई नाही उडाली.